मॉरिसची पुढची चाकं

६ फेब्रुवारी १९८३, रविवार. पोलादपूर

कशेडी घाटात ललिताला आज पुन्हा गाडी लागली. भोगाव मागे पडतं न पडतं तोच तिने माझा दंड धरला. मी गाडी कठड्याला घेतली. ती उतरून मैलाच्या दगडाला टेकली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मन दुसरीकडे लागावं म्हणून खालची मोरी दाखवली. ७९ साली मीच उभं राहून बांधून घेतलेली. तिने बघितली नाही.

"परत फिरवा," एवढंच म्हणाली.

घाट उतरल्यावर खेड तालुक्यात एक हायस्कूल आहे. त्यांनी ललिताला मुख्याध्यापिका म्हणून बोलावलंय. आज नुसती शाळा बघून यायची होती, तीही झाली नाही. इथल्या शाळेत ती पंधरा वर्षं सहायक शिक्षिका आहे आणि तिच्या वर अजून चौघे बसलेत, चौघेही ठणठणीत. तेव्हा अशी संधी पुन्हा येणार नाही. संस्थेच्या सेक्रेटरींना २९ मे रोजी समक्ष जाऊन हो किंवा नाही सांगायचं आहे. बिऱ्हाड तिकडे हलवावं तर माझी नोकरी इथे आणि आईचे गुडघेही इथेच. म्हणजे रोज घाट ओलांडणं आलं. एसटीतही तिला लागतेच, फक्त जरा उशिरा.

मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर. घाटातला रस्ता माझ्याकडे, त्यामुळे वळणांत दोष नाही हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. दोष गाडीचा. महाडच्या एका निवृत्त डॉक्टरांकडून घेतलेली बावन्न सालची मॉरिस. वयोमानाने पुढून सैल पडली आहे आणि वळणावर होडीसारखी कलते. तिचा पुढचा भाग सुधारला की मी रोज ललिताला पलीकडे सोडून कामावर जाऊ शकेन.

जेवताना ललिताने विचारलं, "चालवणाऱ्याला कधी लागते का हो गाडी?"

"त्याला कशी लागेल? त्याला सवड कुठे असते?"

"मग मीच शिकते."

मी हसलो. आईही हसली, पण जरा उशिरा. म्हटलं, "अगं, घाटात ट्रकवाले कसे अंगावर येतात बघितलंस ना? आणि त्या गाडीचं स्टिअरिंग म्हणजे जातं. तुझ्या मनगटाचं काम नाही. त्यापेक्षा मी गाडीच अशी करून देतो की तुझ्या पोटातलं पाणी हलणार नाही."

"शिरपा," आई म्हणाली, "तू तुज्या मोऱ्या दाखवायच्या बंद केल्यास तरी निम्मं काम व्हईल रे."

आईला यंत्रातलं काही कळत नाही.

२० फेब्रुवारी, रविवार

मोजमाप झालं. पोलादपुरात सपाट जागा म्हणून नाही. शेवटी अंगणात चार शहाबादी फरशा पाणसळीने एका पातळीत बसवल्या आणि त्यांवर गाडी उभी केली. चाकाच्या वरच्या काठापासून ओळंबा सोडला. दोन्ही पुढच्या चाकांची डोकी बाहेर झुकलेली निघाली, डावं जास्त.

महाडहून भागोजीला बोलावलं होतं. भागोजी मूळचा कुडपणचा. वीस वर्षं मुंबईत कुणा शेटची गाडी चालवून आता महाडला स्वतःचं गॅरेज काढून बसलाय. मी त्याला समजावलं, "गाडी वळणावर कलली की बाहेरच्या चाकाचं डोकं आणखी बाहेर जातं. टायर काठावर उभा राहतो, पकड सुटते. आपण आधीच डोकी आत झुकवून ठेवायची. कबड्डीत गडी पाय फाकवून उभा राहतो तशी. मग हलवून दाखव म्हणावं."

भागोजीने गाडीखाली डोकं घालून बराच वेळ बघितलं. "साहेब, इंग्रजाने एवढं डोकं लावून बनवलंय. त्यात आपण हात घालायचा?"

"इंग्रजाने कशेडी घाट बघून बनवलेली नाही."

"ते बी खरं." मग ललिताकडे बघून म्हणाला, "बाई, तुमच्यासाठी चाललंय म्हणे हे सगळं. तुम्हाला काय पायजे ते तर सांगा."

ललिता चहा घेऊन आली होती. कप त्याच्या हातात देत म्हणाली, "स्टिअरिंग हलकं होईल का हो?"

मी म्हटलं, विषय काय आणि ही विचारते काय!

५ मार्च, शनिवार

गाडी भागोजीच्या गॅरेजात सोडली. योजना अशी: प्रत्येक चाकाला वर आणि खाली एकेक दांडी असते. वरच्या दांडीचं बूड बॉडीच्या आत सरकवायचं, म्हणजे चाकाचं डोकं आपसूक आत येईल. त्यासाठी भोकं नवी पाडायची आणि खाली जाड पत्र्याची पट्टी द्यायची. सांध्यांतली जुनी रबरी बुशं बदलायची. मग भागोजी दर शनिवारी रस्त्यावर ट्रायल मारणार आणि मी रविवारी जाऊन बघणार. शनिवारी मला कामावरून हलता येत नाही.

आईने आजच जाहीर केलं की तिला दर शनिवारी महाडला एका बाईकडे गुडघे चोळून घ्यायला जायचंय. ललिताची शनिवारी सकाळची शाळा असते, ती सोबत जाईल. ललिता म्हणाली, तिलाही वाचनालयात पुस्तकं बदलायची असतात. सासू-सुनेचं इतकं जुळलेलं मी प्रथमच पाहतोय.

२० मार्च, रविवार

चवदार तळ्यावर जाऊन आलो. दरवर्षीसारखी गर्दी. मुंबईचे मावसभाऊ भेटले, मी त्यांना उभ्याउभ्या कॅम्बर, म्हणजे चाकाच्या डोक्याचा झुकाव, समजावून सांगितला. त्यांनी लवकरच निरोप घेतला.

मग आईला आणि ललिताला सावलीत बसवून गॅरेजात गेलो. काम नेटकं झालंय. ओळंबा लावला: दोन्ही डोकी आत, दोन्हीकडे सारखी. मात्र गाडीत बसलो तर गुडघे डॅशबोर्डवर आपटले. सीट पार पुढच्या खाचेत. मी सहा फुटी माणूस, माझी सीट कायम शेवटच्या खाचेत असते. भागोजीला विचारलं.

"ब्रेक मारला की सरकते साहेब आपोआप. जुनी गाडी."

बरोबर आहे. खाचेचे दात झिजले असणार. मागे ढकलून ठेवली.

येताना एसटीत कंडक्टर दत्ताराम भेटला. म्हणाला, "साहेब, काल तुमची गाडी बिरवाडी रस्त्याला बघितली. भागोजीला हात केला, तर तो डावीकडे बसून डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होता."

"डावीकडे बसून गाडी कशी चालवेल माणूस?" मी म्हणालो.

दत्ताराम माझ्या मागच्या सीटकडे बघून घाईने पुढच्यांची तिकिटं फाडायला गेला. मागे आई आणि ललिता बसल्या होत्या. त्याला चष्मा लागलेला दिसतो.

२ एप्रिल, शनिवार

आज काम लवकर आटोपलं म्हणून खडीच्या ट्रकमधून थेट महाडला गेलो. गॅरेजात गाडी होती, पण डाव्या मडगार्डवर हातभर ओरखडा.

"म्हैस आडवी आली साहेब," भागोजी म्हणाला.

ओरखड्यात चुना दिसत होता. आई तिथेच स्टुलावर गुडघे चोळत बसली होती. चोळून देणाऱ्या बाईने तिला म्हणे इथे आणून सोडलं. "व्हय रे," आई म्हणाली, "पांढरी म्हैस हुती. एका जागी उभी हुती बिचारी."

ललिता कोपऱ्यातल्या नळावर तोंड धूत होती. वाचनालयातून इतकी घामाघूम होऊन आलेली बाई मी पाहिली नव्हती. तिथला पंखा बंद असेल.

भागोजीशी कॅस्टरवरून वाद झाला. सायकलचा पुढचा चिमटा जसा तिरका असतो तसा मोटारीच्या चाकालाही कल असतो. तो वाढवला की वळणानंतर चाक आपलं आपण सरळ येतं. मला चांगला वाढवून हवा होता. भागोजी म्हणाला, "कल वाढला की स्टिअरिंग जड होतं साहेब. थोडाच वाढवू."

"माझे हात काय कमजोर आहेत?" मी दंड दाखवला.

"तुमचे नाय हो. पण चालवणाऱ्याच्या हाताला बघून ठेवायचं असतंय."

"चालवणारा मीच."

"व्हय," म्हणाला, आणि पान्हा शोधायला आत गेला. पान्हा त्याच्या हातातच होता.

१० एप्रिल, रविवार

घाटात पहिली परीक्षा. मी, ललिता आणि मागे आई. गाडी वळणात जमिनीला धरून चालते, फरक लगेच कळतो. मी खूष होऊन मागे वळून आईला विचारलं, "कळतंय का?" आई ओरडली, "पुढं बघ!" समोरून ट्रक येत होता. माझं लक्ष होतंच.

ललिता या वेळी मोरीपर्यंत बरी होती. पण शेवटी दंड धरलाच. माझ्या मते ७९च्या मोरीवर मी बांधकाम नीट दिसावं म्हणून ब्रेक मारला, त्याने पुढचा भाग खाली बुडाला असावा. म्हणजे आता पुढून गाडी आणखी खाली बसवायला हवी.

ती दगडाला टेकलेली असताना म्हणाली, "दुसऱ्या गियरमध्ये आधीच घ्यायला हवी होती, वळणाच्या आत शिरल्यावर नाही."

एवढा त्रास होत असताना माणूस काहीही बोलतो. मी तिच्या पर्समधली आवळासुपारीची डबी काढून दिली. ती डबी लग्नापासून तिच्याबरोबर आहे.

२४ एप्रिल, रविवार

पुढून गाडी बसवली. या गाडीला पुढे स्प्रिंगऐवजी पिळाच्या दोन लांब सळया आहेत. त्यांचा पीळ एक दात सैल केला की गाडी बसते. आता ती दबा धरून बसलेल्या मांजरासारखी दिसते. भागोजीने स्टिअरिंगचे सगळे सांधे खोलून ग्रीस भरलं. बोटाने फिरतं. मी एवढं सांगितलं नव्हतं.

ललिताला विचारलं, कसं वाटतंय? म्हणाली, "वळण संपलं की चाक आता छान हातातून सरकत सरळ येतं. आधी ओढून आणावं लागायचं."

डाव्या बाजूला बसून तिने हे कसं ओळखलं कोण जाणे. बायकांची नजर बारीक असते.

सीट पुन्हा पुढे सरकलेली. खाचेत ग्रीस नको म्हणून भागोजीला बजावलं.

७ मे, शनिवार

ललिता सुट्टी लागल्यापासून एक दिवसाआड महाडला जाते. भरतकामाचा क्लास आहे म्हणे. आज पेढे घेऊन आली. विचारलं तर म्हणाली, "निकाल लागला." कुणाचा ते सांगितलं नाही. एखाद्या विद्यार्थ्याचा असेल. आईने दोन पेढे जास्त घेतले आणि सुनेची दृष्ट काढली. मीही दोन खाल्ले.

भरतकामाने तिच्या तळहाताला घट्टे पडलेत. सुई कोणती वापरतात कोण जाणे.

१५ मे, रविवार

दुसरी परीक्षा. वाईट गेली.

गाडीत काही दोष उरलेला नाही. ओळंबा, पाणसळ, दोरी, सगळं लावून पाहिलं. चाकांची डोकी आत, कल बरोबर, उंची बरोबर. तरीही त्याच दगडापाशी थांबावं लागलं. वाटेत मी फक्त दोनच मोऱ्या दाखवल्या आणि एक नवी संरक्षक भिंत.

येताना ललिता शांत होती. मला वाटलं होतं रडेल. उलट मीच रडकुंडीला आलो होतो. तीन महिने तिच्यासाठी खपलो. तिला तिथे दहावीला गणित शिकवायला मिळालं असतं. इथे वरच्या वर्गांचं गणित तिला कधी मिळालंच नाही. प्रमेय सिद्ध झालं की तिचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलंय. तो चेहरा तिला वर्गभर पोरांपुढे मिरवता आला असता.

२८ मे, शनिवार

उद्या जायचं. सकाळी मी हार मानली. म्हटलं, "ललिता, नकाराचं पत्र मी लिहून देतो. मी एकटा जाऊन देईन. तू कशाला उगाच त्रास काढतेस?"

ती तांदूळ निवडत होती. "समक्ष या म्हणालेत ना? मग मीच सांगते."

"घाट?"

"बघू."

"अगं, बघू काय? माझ्याकडे आता करण्यासारखं काही उरलं नाही."

"तुम्ही पुष्कळ केलंत," ती म्हणाली. आवाज इतका मऊ होता की मला आणखीच वाईट वाटलं. आई म्हणाली, "गो, उद्या शेंगदाण्याचे लाडू घेऊ का वाटेला?" तिला प्रसंगाचं गांभीर्यच नाही.

२९ मे, रविवार

जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

सकाळी बाहेर आलो तर गाडीचं तोंड रस्त्याकडे. काल मी ती भिंतीकडे तोंड करून लावली होती. मागे आई, मांडीवर लाडवांचा डबा. आणि उजवीकडे, माझ्या जागी, ललिता. पदर खोचलेला, पायात सपाट चपला, सीट पुढच्या खाचेत.

"बसा," ती म्हणाली. "डावीकडून."

"ललिता, थट्टेची वेळ आहे का ही? लायसन्स तरी..."

"या महिन्यात काढलं. तुम्ही पेढे खाल्लेत त्याचे."

"शिरपा, बस लवकर," मागून आई. "ऊन चढंल."

मी बसलो. "हँडब्रेक" म्हणालो. तो तिने आधीच सोडला होता.

घाट लागेपर्यंत मी बऱ्याच सूचना दिल्या. पहिल्या वळणाला आईने माझ्या खांद्यावर टिचकी मारली. "गप बस रे. भागोजीनं सांगितलंय, डावीकडल्यानं बोलायचं नसतंय. त्यो सुदिक डोळं मिटून देवाचं नाव घ्यायचा, पण बोलायचा नाय."

वळणाच्या आधी ती दुसऱ्या गियरमध्ये यायची. मग गाडी आत शिरायची ती कुठेही न कलता, न बुडता. चाकांची डोकी आत, पाय फाकवून. मागून एका ट्रकने भोंग्याचा सपाटा लावला. तिने हात बाहेर काढून त्याला थांबवलं, पुढची रुंद जागा आल्यावर शांतपणे वाट दिली. ड्रायव्हरने खिडकीतून वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मग कपाळाला हात लावून सलाम केला.

ललिताचा रंग उजळलेला. गाल लाल. ओठ हलत होते, बहुतेक गियर मोजत होती. प्रमेय सिद्ध झाल्यासारखा चेहरा.

मी मात्र आयुष्यात प्रथम हा घाट डाव्या बाजूने बघत होतो. इकडून दरी फार जवळ दिसते. रस्ता कुठे वळणार हे माहीत असूनही अंग भलतीकडेच जातं. ७९ची मोरी आली तेव्हा सवयीने मान वळवून बघायला गेलो, आणि पोट मानेबरोबर वळलं नाही.

मी तिचा दंड धरला.

तिने गाडी कठड्याला घेतली. मी उतरलो आणि मैलाच्या दगडाला टेकलो. तोच दगड. ललिता माझ्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली. आई गाडीतूनच म्हणाली, "लाडू नको ना आता?"

"ती बघा," ललिता म्हणाली, "तुमची मोरी."

मी बघितली नाही.

मग तिने पर्समधून आवळासुपारीची डबी काढली, माझ्या खिशात टाकली आणि वरून खिसा थोपटला. "ठेवा तुमच्याकडेच," म्हणाली. "मला आता लागणार नाही."

शाळेत सेक्रेटरींनी विचारलं, रोज येणं जमेल ना? ललिता हो म्हणाली. मी बाहेर बाकावर पाणी पीत होतो, तिथपर्यंत ऐकू आलं.

३० मे, सोमवार

महाडला जाऊन भागोजीला धरलं. तो गाडीखाली होता, बाहेर यायला तयार नव्हता. "बाईंनी वचन घेतलं हुतं साहेब. आणि तुमच्या आईनं दमच दिला हुता." मग गाडीखालूनच म्हणाला, "पन आठवा, पहिल्या दिवशीच त्यांनी सांगितलं हुतं काय पायजे ते. तुम्ही तिथंच हुतात."

मला मुद्द्याचं विचारायचं होतं. ललिताला गाडी लागायची थांबली ती चाकांची डोकी आत घेतल्यानेच ना? भागोजीने आधी एक बोल्ट आवळला. मग म्हणाला, "तसंच म्हना साहेब."

मी तसंच म्हणतोय. ऑफिसातही सर्वांना तेच सांगितलं. माझं पोट बिघडलं ते रिकाम्या पोटी लिंबू सरबत घेतल्याने.

१३ जून, सोमवार

शाळा उघडली. ललिता सकाळी निघाली, मागच्या सीटवर पलीकडच्या शाळेचे दोन मास्तर. दोघेही पोलादपूरचे. बसताना जरा घाबरलेले होते, आईने त्यांना धीर दिला.

माझं आज घाटातच काम होतं. दरडीच्या जागा बघायच्या होत्या. मजुरांबरोबर मोरीवर उभा होतो तेव्हा खालून मॉरिसचा आवाज आला. वळणाला टायर कुरकुरला नाही. गाडी समोरून गेली. मी हात केला. ललिताने भोंगा दिला, पण नजर रस्त्यावरून हलवली नाही. बरोबर आहे.

"कोन हो बाई?" एका मजुराने विचारलं.

"पलीकडच्या हेडमास्तरीण," मी सांगितलं. "आणि गाडीचा पुढचा भाग मी केलाय."

कालच भागोजीकडून आणखी एक काम करून घेतलं. सीट पुढच्या खाचेत बसवून बोल्टाने आवळून टाकली. सरकायचा प्रश्नच मिटला. आता मला चालवायची झाली तर गुडघे हनुवटीला लागतील. पण तशी वेळ येईल असं वाटत नाही.